लुगड्यातला आश्रुबा

८ ऑक्टोबर २०१८, सोमवार

सगळी नोकरी एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली. बाजाराच्या दिवशी केजच्या गाडीत माणूस माणसावर चढलेलं असायचं, तरी माझा आवाज कधी बसला नाही. आज दूध संस्थेच्या मीटिंगीत बसला. मी ह्या बायांच्या संस्थेचा सचिव. सभासद सगळ्या बाया आणि हिशेब लिहायला मी एक बाप्या.

पोळ्यापासून आभाळात ढग म्हणून नाही. विहिरींना तळ दिसतो. ज्या म्हशी दोन्ही वेळा बादली भरायच्या त्या आता तांब्यावर आल्यात. तरणीताठी माणसं ऊसतोडीला निघायच्या तयारीत. अशात तालुक्याहून दोन निरोप. पहिला, सहकार सप्ताहात केजला नाटुकल्यांची स्पर्धा आहे, १८ नोव्हेंबरला, दर संस्थेनं भाग घ्यायचा. जनावरांना वैरण नाही आणि ह्यांना नाटकं पाहिजेत! दुसरा निरोप जास्त अवघड. आमच्या अध्यक्ष दगडाबाई लागोपाठ तीन मीटिंगींना आल्या नाहीत, तरी त्यांच्या जागी नोव्हेंबरअखेर नवं नाव द्या.

दगडाबाईंना श्रावणात लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा बसली. आता पाय ओढत घरातल्या घरात चालतात म्हणे, पण उंबरा ओलांडत नाहीत. कुणी भेटायला गेलं की तोंडावर पदर. संस्था काढली ती ह्याच बाईनं. सभेत बोलायला उभी राहिली की भले भले खाली मान घालायचे. मी स्वतः घातलेली आहे.

मीटिंग झाल्यावर दूध घालायला आलेल्या तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, बाजूला घेतलं. हा माणूस म्हणजे भिंत. त्याच्या वाट्याचं सगळं बोलणं आजवर बायकोच बोलली. म्हणालो, "आश्रुबा, वाईट वाटून घेऊ नका, पण अध्यक्ष बदलावा लागतोय. बायडाबाई तयार हाय."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "नाटक हून जाऊ द्या. मंग बगू."

"नाटकाचा काय संबंध?"

"नाटकात मी हाय," म्हणाला आणि चालायला लागला. मला हसू आलं.

११ ऑक्टोबर, गुरुवार

माझी भाची प्रणिता औरंगाबादला नाटकाचं शिकते. तिला फोन केला, सहकारावर काहीतरी दे बाई. तिनं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाटकातला एक प्रवेश आपल्या भाषेत करून पाठवला. म्हटलं ग्रीस कुठं, आपण कुठं. वाचून बघितलं तर आपलंच गाव.

तिथं काय, गावाचा कारभार बाप्यांनी बुडवलेला. मग बाया ठरवतात, आपणच सभेत घुसायचं आणि कारभार आपल्याकडं घ्यायचा. पण सभेत बाईला जागा नाही. म्हणून नवऱ्यांची धोतरं-फेटे चढवून, खोट्या दाढ्या-मिशा लावून त्या पहाटे एका जागी जमतात आणि बाप्यासारखं बोलायची तालीम करतात. एक बाई बोलायला उठते आणि तोंडातून जातं, "अगं बाई!" की बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात. शेवटी त्यांची म्होरकी असं भाषण ठोकते की बास. म्हणजे नाटकात पण तालीमच. आमची संस्था बायांची, नाटक बायांचं, गणित जुळलं.

संध्याकाळी सेंटरवर दूध संकलनाला आलेल्या बायांना सांगितलं. बायडाबाईनं घागर खाली ठेवून विचारलं, "मिशा लावून? केजात? आवं, माजा जावई केजातच ऱ्हातो!" दुसरी म्हणाली आम्ही तोडीला चाललो. तिसरी म्हणाली टँकरची पाळी कोण धरणार, तुमचे ग्रीक? झालं. एकही बाई मिळाली नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

नाटकात बाया नाहीत म्हणून नाटक थांबतं का? आमच्या लहानपणी जत्रेच्या खेळात बाप्येच लुगडी नेसायचे. मी तीन म्हातारे पकडले. दूध मोजणारा शहादेव, मेंढरं विकून मोकळा झालेला तात्याबा आणि आश्रुबा. आश्रुबाला पकडावं लागलं नाही. तो सगळ्यांच्या आधी येऊन सेंटरच्या पायरीवर बसला होता.

पहिली तालीम. तात्याबाच्या डोक्याचा पार भुगा झाला. "आर्जुना, मला नीट सांग बे. मी बाप्या. मी बाई झालो. मंग त्या बाईनं बाप्याचं सोंग घेतलं. मंग मी आता कोन हाय?"

"तू बाई हायस. पण बाप्या असल्यासारखं करायचं."

"मी बाप्याच हाय की!"

"अरे, पण तू बाई हायस!"

शहादेव हसून हसून दुधाच्या कॅनवर पालथा पडला. तात्याबानं चुकून "अगं बाई" म्हणायचं तर त्याच्या तोंडातून दर वेळी "आयला" निघतं. आश्रुबाला म्होरकी केलं, कारण दुसऱ्या कुणाला एवढं पाठच होणार नाही. त्यानं भाषण वाचलं ते दवाखान्यात पावतीचा नंबर पुकारावा तसं. प्रणिताला फोनवर सांगितलं, काही खरं नाही.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ट्रॅक्टर सजवले, पण पूजेला झेंडू विकत. घरोघरी पुरणापेक्षा बोचकी बांधायची गडबड. सोनं द्यायला आश्रुबाच्या घरी गेलो. दार लोटलेलं. त्यानंच बाहेर येऊन पानं घेतली.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

आज चमत्कार झाला. आश्रुबाला मी काल हातवारे शिकवले होते. इथं हात उंचव, इथं छाती ठोक. आज त्यानं त्यातलं काही एक केलं नाही. उभा राहिला, डावा हात कमरेवर ठेवला, सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं आणि कुणाला तरी घरात बोलावून सांगावं तसं हळू सुरू केलं.

"म्हैस नवऱ्याच्या नावावर, धार काढायला बाई. आड गावाच्या नावावर, पाणी शेंदायला बाई. कारभार तुमच्या नावावर आणि निस्तरायला कोण?"

इथं तो थांबला. एवढा थांबला की शहादेवानं माप खाली ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

घरी येऊन घरचीला सांगितलं, "बघ, दगडातून देव काढला मी. शिकवणाऱ्यात पाणी पाहिजे." ती भाकरी थापत म्हणाली, "व्हय व्हय. तुमीच शिकवलं." तिच्या बोलण्यात कौतुक कमी वाटलं. नवऱ्याचे गुण बायकोला दिसत नाहीत, जुनीच गोष्ट आहे.

२९ ऑक्टोबर, सोमवार

तोडीच्या गाड्या गेल्या. गाडीत भांडी, शेळ्या, लेकरं, सगळं एकावर एक. शहादेवाचा पोरगा-सून गेले, तात्याबाचे दोघं गेले. गाव असं रिकामं झालं की कुत्र्यांना भुंकायला माणूस उरला नाही. तात्याबा म्हणाला, आता नाटकाशिवाय हाय काय आपल्याला. तालमीला पहिल्यांदा वेळेवर आला.

आश्रुबा मात्र मला आता जड जायला लागलाय. मी एक सांगतो, दुसऱ्या दिवशी हा दुसरंच करून येतो. "अर्जुनराव, हितं आवाज चढवायचा न्हाई. हितं उलट उतरवायचा." मी म्हणालो, दिग्दर्शक मी का तू? तो खाली बघून म्हणाला, "तुमीच हाव." आणि करताना पुन्हा आवाज उतरवला. आणि ते चांगलं झालं! हेच डोक्यात जातं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी वैरणीच्या चौकशीला त्या बाजूनं गेलतो. आश्रुबाच्या खिडकीतून त्याचं भाषण ऐकू आलं. एक वाक्य म्हटलं की आत वाटीवर चमचा आपटल्यासारखं वाजायचं, टण्. मग तेच वाक्य पुन्हा. पुन्हा टण्. तिसऱ्यांदा म्हटलं, मग वाजलं नाही. दगडाबाईंना तहान लागली असणार आणि हा गाढव पाणी द्यायचं सोडून पाठांतर करतोय. हाक मारणार होतो, पण म्हटलं नवरा-बायकोच्या मधे कशाला पडा.

कसली बाई होती! एकदा वरचा साहेब दूध पातळ म्हणून परत पाठवायला निघाला. हिनं त्याच्याच समोर तांब्याभर पिऊन दाखवलं आणि उरलेलं त्याच्या हातात दिलं, "प्या, आन् सांगा." प्याला बिचारा. आज तिला पाणी मागायला वाटी वाजवावी लागते, देवाला डोळे नाहीत.

४ नोव्हेंबर, रविवार

मिशीवरून वाद. मी जाहीर केलं, शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिशा उतरवायच्या. बाईला मिशी कशी चालंल? आधी साफ पाहिजे, मग वर खोटी लावायची. तात्याबा ताडकन उठला. "बाप जिता हाय माजा! बाप जिता आसताना मिशी काडू? मानसं काय म्हनतील?" त्याचा बाप खरंच आहे, नव्वदीच्या पुढचा, ओट्यावर बसून अजून तंबाखू मळतो. बाप नाहीतर बायको गेल्याशिवाय मिशीला वस्तरा नाही, ही आमच्याकडची रीत. मला काय माहीत नाही? पण नाटकासाठी म्हटलं होतं.

शेवटी शहादेवानंच तोड काढली. तात्याबाची बाई घरूनच मिशी लावून आली असं दाखवायचं. खरी मिशी खोटी म्हणून चालवायची. तात्याबा खूश. "मंग मी ती मदी मदी वढून बगंल, निगती का म्हनून." झकास कल्पना. आश्रुबा आपल्या मिशीवरून हात फिरवत बसला होता.

१० नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहायची पण लाज वाटते, पण लिहितो.

भाऊबीजेला गेवराईला बहिणीकडं गेलतो. सकाळी शहादेवाचा फोन. "अर्जुनराव, आश्रुबा आडावर दिसला. मिशी सफाचट. तोंड सुजल्यावानी. कुनाशी बोलंना. दगडाबाई गेल्या वाटतं हो." नाटकासाठी मिशा उतरवायच्या त्या शेवटच्या दिवशी, म्हणून मला पण तसंच वाटलं. मी म्हणालो, संकलन बंद ठेव, फळ्यावर लिही, अध्यक्षांना देवाज्ञा झाली. बीडला गाडी बदलताना फुलांचा हार घेतला, संस्थेतर्फे.

गावात शिरलो तर सेंटरला कुलूप आणि आश्रुबाच्या दारात बाया. बायडाबाई छाती बडवत होती. गेल्या साली हिनंच दगडाबाईंशी चुलीच्या राखेवरून भांडण केलं होतं. आता म्हणत होती, "आगं माजे बये! तुज्यावानी न्याव कोन करनार! आता आमाला कोन बोलनार!" बाकीच्या तिच्या सुरात सूर. मी हार पुढं धरून, डोळ्याला रुमाल लावून उभा.

एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आश्रुबा. हातात दुधाची किटली, ओठावर मिशी नाही, नाकाखाली कापल्याची खूण. माझ्या हातातल्या हाराकडं बघून म्हणाला, "शेंटर बंद कावून हाय? दूध नासंल की."

"आश्रुबा, दगडाबाई गेल्या ना..."

"गेल्या? कुटं गेल्या?" तो घाबरून आत पळाला. आणि आतून धाडकन काहीतरी भिंतीवर आपटलं. पितळी वाटी होती, उंबऱ्यावरून उडून बायडाबाईच्या पायाशी येऊन पडली. बायडाबाई किंचाळली, "जिती हाय!"

अर्ध्या बाया पळाल्या, अर्ध्या हसायला लागल्या. मी हार घेऊन तसाच आत गेलो, वेड्यासारखा. दगडाबाई बाजेवर बसल्या होत्या, पदर नाकापर्यंत ओढलेला, डोळे तेवढे बाहेर. त्या डोळ्यांनी माझ्याकडं, मग हाराकडं असं बघितलं की मी हार पाठीमागं लपवला.

मग आश्रुबानं सगळं सांगितलं. मिशी त्यानं दगडाबाईंकडूनच उतरवून घेतली, डाव्या हातानं, म्हणून कापलं. लुगडं नेसून, म्होरकी होऊन तो रोज त्यांच्यासमोर भाषण करतो. चुकलं की त्या वाटीवर चमचा मारतात. कमरेवर हात, एकेकाकडं बघणं, मधे थांबणं, आवाज उतरवणं, सगळं त्यांचं. अरे, मी पंधरा वर्षं सभेत बसून तेच बघितलं होतं आणि मला ओळखू आलं नाही! आणि घरची पहिल्यापासून ओळखून होती. मी बाहेर आलो तेव्हा तीच दारात उभी. म्हणाली, "हार म्हशीला घाला."

लई ओशाळलो. आणि लिहायला हरकत नाही, लई कौतुक पण वाटलं. एक मुका माणूस आणि एक मुकी बाई, दोघं मिळून गावातलं सगळ्यात चांगलं भाषण करतात.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

आज तालमीनंतर आश्रुबा थांबला. म्हणाला, "अर्जुनराव, तिला केजला न्यायचीया."

मी म्हणालो, न्या की, जीप हाय.

"ती येत न्हाई म्हन्ती. म्हंजे मान हलवती. म्हनतो चल, तर आरशाकडं बोट दावती. लाळ गळती, तोंड वाकडं, मानसं हसतील, आसं तिच्या मनात हाय. दवाखान्यात पन पदर काडंना. डाक्टर म्हनला, बोलायचा यत्न केला तर वाचा येईल. पन बोलायचं म्हंजे तोंड दावावं लागतं." एवढं सलग बोलताना मी त्याला नाटकाबाहेर पहिल्यांदाच बघितलं.

म्हणालो, आश्रुबा, महिनाअखेर नाव द्यायचंय. त्या समोर आल्याच नाहीत तर मी तरी काय करू? तो म्हणाला, "मला ठाव हाय. म्हनूनच म्हनलो, नाटक हून जाऊ द्या."

नाटकानं लकवा बरा होतो का? पण त्याच्या तोंडाकडं बघून हे म्हणवलं नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

दगडाबाई यायला तयार! कशा तयार झाल्या ऐका. घरची त्यांना भेटायला गेली आणि सहज बोलावं तसं बोलली, "बाई, आमच्या ह्यांनी भाषणाचा शेवट बदललाय म्हनं. छाती ठोकून घ्यायची हाय आश्रुबाभावजींनी." दगडाबाईंनी लगेच डाव्या हातानं खूण केली, मी येते. माझ्यावर विश्वास नाही म्हणून येतायत! असू दे. अट एकच, जीपमधे पडदा पाहिजे आणि मांडवात कडेला बसणार, तोंड झाकून.

मी शेवट बदललेला नाही. घरचीला विचारलं तर म्हणते, खोटं बोलले, काय बिघडलं.

१८ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच पोचलो. आजचं आजच लिहिलं पाहिजे.

केजला मांडवात माणूस मावत नव्हता. सकाळपासून तीन संस्थांची नाटुकली झाली, सगळ्यात एक दारुड्या आणि शेवटी दारू सोडल्याचं वचन. आमचा नंबर चौथा. दगडाबाई पहिल्या रांगेच्या टोकाला, पदर हनुवटीपर्यंत, शेजारी घरची.

पडदा सरकला आणि तिघं म्हातारे आले. खाली लुगडी, वर फेटे, हातात काठ्या. शहादेव आणि आश्रुबा काजळानं काढलेल्या मिशांत, तात्याबा स्वतःच्या. लोक आधीच हसायला लागले. तात्याबा उभा राहिला, छाती काढली, घसा खाकरला आणि म्हणाला, "मंडळी, मी एक बाप्या मानूस, मला आसं वाटतं... अगं बाई, डाळ शिजायला ठिवली व्हती!" बरोबर म्हणाला! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा! मांडव कोसळायचा बाकी राहिला. मग त्यानं मिशी ओढली, "निगना की गं ही, डिंक लई लागला वाटतं!" पुढच्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीवरून घसरला. मी पडद्यामागं उड्या मारत होतो. ग्रीस देशात पण बाया असंच हसल्या असतील.

मग आश्रुबा. दगडाबाईंचं हिरवं लुगडं. डावा हात कमरेवर. एकेकाकडं नजर. मांडव आपोआप गप झाला. आजवर त्यानं इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं. म्हैस झाली, आड झाला, कारभार झाला. तो थांबला, लोकांचा श्वास थांबला. मागं बायडाबाई हुंदका देत म्हणाली, "दगडाबाईच हाय गं ही, हुबेहूब." आता शेवटचं वाक्य, "म्हणून म्हणतो, कारभार बायांच्या हाती द्या." मग टाळ्या, मग पडदा. मी दोरी धरली.

आणि तो म्हणाला, "म्हणून म्हणतो, बाई एकदा खाटेला लागली की संपली. कारभार अर्जुनरावाच्या हाती द्या!"

माझ्या हातातून दोरी सुटली. नाटकात अर्जुनराव कुठून आला? सगळं नाटक उलटं झालं! मी आतून ओरडलो, "बायांच्या! बायांच्या!" तो वळून पण बघेना. पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. "बाईचं काम संपलं! अर्जुनरावाच्या हाती द्या!" शहादेव-तात्याबा खांबासारखे उभे. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात समोरून आवाज आला. "न्हाई!"

आवाज जड, फाटका, पण "न्हाई" स्पष्ट. दगडाबाई उभ्या होत्या. पदर खांद्यावर पडलेला, वाकडं तोंड सगळ्या मांडवासमोर उघडं, ओठाच्या कडेनं लाळ, आणि त्यांना कशाचं भान नाही. डाव्या हाताचं बोट आश्रुबावर रोखलेलं. रागानं नुसत्या थरथरत होत्या. "न्हाई! म्... मी... मी हाय! मी... हाय!"

आश्रुबानं फेटा काढला. दोन्ही हात जोडले आणि लुगड्यातच स्टेजवर खाली बसला. म्हणाला, "मंग तुमच्याच हाती. माजं काई म्हननं न्हाई."

टाळ्या कधी सुरू झाल्या मला कळलं नाही. लोकांना वाटलं हे नाटकातलंच. शिट्ट्या, आरडाओरडा. मी दोरी ओढायची विसरलो, पडदा तसाच उघडा राहिला. आत आल्यावर मी आश्रुबाला धरला, "काय केलंस रे हे? ऐन शेवटच्या वाक्याला घाण केलीस!" त्याच्या काजळाच्या मिशीवरून डोळ्यातलं पाणी वाहत होतं, सगळं तोंड काळं. म्हणाला, "चुकलं खरं." आणि हसला. मला त्याचा संताप आला.

संध्याकाळी निकाल. परीक्षक बाहेरून आलेले, नाटकातले जाणकार. ढाल दुसऱ्या गावाला गेली. मग ते म्हणाले, "एक खास उल्लेख. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा आज पुन्हा दिसली. पण सगळ्यात थक्क केलं ते प्रेक्षकांत बसवलेल्या नटानं. ते वाकडं तोंड, तो लुळा हात, ते अडखळणं! पुरुषानं इतकी हुबेहूब बाई उभी करावी! कोण आहेत ते? संस्थेच्या प्रमुखांनी पुढं येऊन नाव सांगावं."

मला वाटलं संपलं, आता ह्या बाई पुन्हा जन्मात दाराबाहेर येणार नाहीत. घाबरत घाबरत बघितलं. दगडाबाईंचा पदर अजून खांद्यावरच होता. आणि त्या हसत होत्या. अर्ध्या तोंडानं, पण पोट धरून.

मी स्टेजवर गेलो. माइक घेतला. एसटीत लावायचो तोच आवाज लावला.

"साहेब, त्यो नट न्हाई," मी म्हणालो. "त्या दगडाबाई. आमच्या संस्थेच्या अध्यक्ष हायत."

साहेबांनी दोन्ही हात जोडले, बिचारे लालबुंद झाले. दगडाबाईंनी डावा हात असा हलवला, की बसा बसा, चालायचंच. बायडाबाई सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला उभी राहिली.

येताना जीपमधे त्यांनी पडदा लावू दिला नाही. पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या, वारं तोंडावर घेत. आम्ही मागं, आश्रुबा अजून लुगड्यात. बराच रस्ता गेल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, "आश्रुबा, खरं सांग. एवढं पाठ असून चुकलास कसा?"

तो हळूच म्हणाला, "ते वाक्य मी पयल्या दिवसापास्नं पाठ केलं व्हतं, अर्जुनराव. बाकीचं नाटक त्याच्यासाटीच शिकलो."

मला एकदम भडभडून आलं, अंधार होता म्हणून बरं. मग विचारलं, "आणि ती उठलीच नसती तर?"

"आवं, येवढा संसार झाला. तिला राग कशानं येतो, ते मला ठाव न्हाई व्हय?"

पुढं दगडाबाई ड्रायव्हरला बोटानं रस्त्यातला खड्डा दाखवत होत्या. त्याला दिसला नाही तसं त्यांनी तोंड उघडलं, दोनदा अडखळल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ह... हळू!"